परदेशी महाविद्यालयाशी भागीदारी कशी उभी करायची : पहिल्या ईमेलपासून पहिल्या विद्यार्थ्यापर्यंत

तुमच्या महाविद्यालयानं आंतरराष्ट्रीय संबंधांची जबाबदारी तुमच्याकडे सोपवली आहे. हाताशी वेगळा माणूस नाही, निधी जेमतेम, आणि वर्षअखेर काहीतरी दाखवता यावं अशी वरून अपेक्षा आहे. अशा वेळी पहिला मोह होतो तो करार करून टाकण्याचा. दोन झेंडे, दोन सह्या, एक फोटो. या कामात बरीच वर्षं घालवल्यावर माझं मत पक्कं झालं आहे : सहीपासून सुरुवात करू नका. आधी दोन्हीकडच्या एकेका शिक्षकानं मिळून काहीतरी छोटं शिकवावं, ते जमलं की मग कागद करावा. कागद आधी झाला की काम मागे पडतं, आणि पाच वर्षांनी ती फाईल मुदत संपल्यावरच कुणाला तरी आठवते.

पायऱ्या याच क्रमानं देतो आहे.

१. आधी घरातलं ठरवा

एका पानावर तीन गोष्टी लिहा : कोणत्या विषयात, कुणासाठी आणि नेमकं काय हवं आहे. ‘आमच्या विद्यार्थ्यांना जागतिक अनुभव मिळावा’ हे उत्तर चालणार नाही. ‘पर्यावरणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक सत्र बाहेर शिकता यावं आणि त्यांचं वर्ष वाया जाऊ नये’ हे चालेल. समोरचा माणूसही अशाच वाक्याला प्रतिसाद देतो.

भागीदारीचे प्रकार मेहनतीच्या चढत्या क्रमानं असे : पाहुणं व्याख्यान, ऑनलाइन सहअध्यापन, एक-दोन आठवड्यांचा अभ्यासवर्ग, शिक्षकांची देवाणघेवाण, सत्रभराची विद्यार्थी देवाणघेवाण, आणि सगळ्यात शेवटी संयुक्त किंवा दुहेरी पदवी. नवख्यांना शेवटची पायरी सगळ्यात जास्त खुणावते. पण पदवीचा प्रश्न आला की दोन्ही देशांच्या नियामक संस्था मध्ये येतात. भारतातल्या युजीसीच्या २०२२ च्या नियमावलीतच ट्विनिंग (काही भाग परदेशात शिकायचा, पदवी मात्र इथलीच), संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी असे तीन वेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाच्या अटी वेगळ्या आहेत. समोरच्या देशाचे नियम याखेरीज. पहिल्या दोन-तीन वर्षांत या वाटेला जाऊ नका.

सही करायचा अधिकार कुणाला आहे, हेही याच टप्प्यावर विचारून घ्या. पदवी विद्यापीठ देत असेल आणि तुमचं महाविद्यालय त्याला संलग्न असेल, तर श्रेयांकांबद्दलचं (क्रेडिट्सबद्दलचं) कोणतंही आश्वासन प्राचार्य एकटे देऊ शकत नाहीत. विद्या परिषद, अभ्यासमंडळ, परीक्षा विभाग यांपैकी कुणाची मंजुरी लागेल आणि त्यांच्या बैठका कधी असतात, याची नोंद करून ठेवा. परदेशी महाविद्यालयानं दोन आठवड्यांत होकार दिला आणि आपल्याकडची बैठक चार महिन्यांनी आहे, हे नंतर कळलं की फार अवघडल्यासारखं होतं.

२. जोडीदार कुठे शोधायचा

सुरुवात स्टाफरूममधून करा. तुमच्या शिक्षकांनी कुणाबरोबर शोधनिबंध लिहिला आहे, कोण कुठे पीएचडीला होतं, कोणते माजी विद्यार्थी आज परदेशात शिकवतात, याची यादी काढा. अशा ओळखीतून आलेली भागीदारी टिकते, कारण दोन्ही टोकांना तिची काळजी असणारं माणूस आधीपासूनच असतं.

घरातून काही मिळालं नाही, तर बाहेर बघा. अमेरिकेतली नाफ्सा, युरोपातली ईएआयई आणि आशिया-पॅसिफिकसाठीची एपीएआयई या संघटनांची वार्षिक संमेलनं नेमकी याच कामासाठी असतात. जर्मनीची डाड, फ्रान्सची कॅम्पस फ्रान्स आणि ब्रिटिश काउन्सिल या संस्था आपापल्या देशांतल्या महाविद्यालयांची माहिती देतात. संमेलनाचा खर्च झेपत नसेल तर या संस्थांच्या ऑनलाइन माहितीसत्रांनीही बरंच काम होतं.

जागतिक क्रमवारीत वरच्या जागी असलेल्या विद्यापीठाच्या मागे लागणं ही इथली नेहमीची चूक. त्यांच्याकडे शेकडो करार आधीच असतात, त्यात तुमचा आणखी एक. आकारानं, अभ्यासक्रमानं आणि गरजेनं तुमच्यासारखंच असलेलं महाविद्यालय शोधा. त्यांनाही तुमची गरज असली तर ईमेलला उत्तर त्याच आठवड्यात येतं.

३. संस्था खरी आहे का, ते तपासा

ही पायरी कधीही गाळू नका. १९५० मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटीज ही संस्था जगभरच्या मान्यताप्राप्त उच्चशिक्षण संस्थांची माहिती एका जागी ठेवते. वर्ल्ड हायर एज्युकेशन डेटाबेस या नावानं ती ऑनलाइन बघता येते. युरोपात परदेशी पदव्यांच्या मान्यतेची माहिती देणारं प्रत्येक देशाचं एनिक-नारिक केंद्र असतं, तिथे विचारा. अमेरिकेतली संस्था असेल तर तिला मान्यता देणारी संस्था स्वतः शिक्षण खात्याकडे किंवा ‘चिया’ या मान्यतासंस्थांना पारखणाऱ्या परिषदेकडे मान्यताप्राप्त आहे का, तेही बघा. पदव्या विकणाऱ्या संस्था असतात, तशा मान्यता विकणाऱ्याही असतात.

नाव अक्षर न् अक्षर जुळतंय ना, हे बघा. प्रसिद्ध विद्यापीठाशी मिळतंजुळतं नाव घेतलेल्या संस्था भरपूर आहेत. ‘अमुक रक्कम भरा, परदेशी करार मिळवून देतो’ म्हणणारा मध्यस्थ आला तर त्याला नम्रपणे नकार द्या. दोन महाविद्यालयांनी एकमेकांशी थेट बोलायला पैसे लागत नाहीत.

४. पहिला ईमेल

कुलगुरूंना लिहिलेलं भारदस्त पत्र तीन कार्यालयांतून फिरून कुठेतरी थांबतं. संबंधित विभागातल्या शिक्षकाला लिहा आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला प्रत पाठवा. मजकूर मोबाइलच्या एका पडद्यावर मावेल एवढाच ठेवा. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण आणि त्यांच्याच नावापर्यंत कसे पोचलात, म्हणजे त्यांचा कोणता अभ्यासक्रम किंवा कोणतं संशोधन बघून लिहिताय ते. दुसऱ्यात एकच ठोस प्रस्ताव : ‘येत्या सत्रात आपल्या दोघांच्या वर्गांनी सहा आठवडे एकत्र एक प्रकल्प करावा असं वाटतं.’ तिसऱ्यात वीस मिनिटांच्या भेटीसाठी दोन-तीन वेळा, त्यांच्या घड्याळाप्रमाणे. महाविद्यालयाची माहितीपुस्तिका जोडू नका, दुवा पुरे.

उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. त्याआधी त्यांच्या सुट्ट्या बघा. ऑगस्टमध्ये युरोपातली बरीच विद्यापीठं जवळपास रिकामी असतात. दक्षिण गोलार्धात डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ्याची सुट्टी असते. जपानमध्ये वर्ष एप्रिलला सुरू होतं, तेव्हा मार्चअखेर तिथे कुणाला सवड नसते.

५. कराराआधी एक छोटं काम

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. दोन देशांतल्या वर्गांनी ऑनलाइन एकत्र शिकावं, यासाठी न्यूयॉर्क राज्याच्या सुनी विद्यापीठानं २००६ मध्ये खास केंद्र काढलं आणि ‘कॉइल’ या नावानं ही पद्धत जगभर पोचली. कल्पना साधी आहे. दोन देशांतले दोन शिक्षक आपापल्या चालू विषयातला काही भाग निवडतात, विद्यार्थ्यांचे मिश्र गट करतात आणि काही आठवडे ते गट एकत्र काम करतात. विमान नाही, व्हिसा नाही, श्रेयांकांची अदलाबदल नाही. प्रत्येक शिक्षक आपल्याच विद्यार्थ्यांना आपल्याच पद्धतीनं गुण देतो, म्हणून बहुतेक ठिकाणी वेगळी मंजुरीही लागत नाही.

सहा आठवड्यांचा आराखडा साधारण असा धरा. पहिला आठवडा फक्त ओळखीचा. प्रत्येकानं दोन मिनिटांची चित्रफीत करून टाकावी. हा आठवडा वाचवायचा मोह होतो, तो टाळा, कारण अनोळखी माणसाला ‘तुझा भाग अजून आला नाही’ असं कुणी म्हणत नाही. दुसऱ्या आठवड्यात चारचे गट, दोन इकडचे, दोन तिकडचे. तिसरा ते पाचवा आठवडा प्रत्यक्ष काम. काम असं निवडा, की एका बाजूची माहिती दुसरीशिवाय अपुरी पडेल : दोन शहरांतल्या नदीच्या पाण्याच्या नोंदींची तुलना, एकाच आजारावरच्या दोन देशांच्या आरोग्यधोरणांचा अभ्यास, असं काही. सहाव्या आठवड्यात सादरीकरण आणि मोकळी चर्चा.

वेळेचा घोळ इथे हमखास होतो. युरोपात घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत हेच मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतं. बऱ्याच देशांत घड्याळ बदलतच नाही. म्हणजे सत्राच्या मध्यावर ठरलेली तासिका एका बाजूला अचानक तासभर सरकते आणि अर्धा वर्ग रिकाम्या पडद्यासमोर बसून राहतो. म्हणून वेळ तोंडी ठरवू नका. दोन्ही शहरांची नावं घालून सामायिक कॅलेंडरवर आमंत्रणं पाठवा, आणि बदलाच्या तारखा पहिल्याच दिवशी वर्गात सांगा.

या सहा आठवड्यांत समोरचं महाविद्यालय खरं कसं आहे ते कळतं. ईमेलला उत्तरं कोण देतं, अडचण आली की काय करतात, विद्यार्थ्यांशी कसं वागतात. याच शिक्षकांबरोबर पुढची पाच वर्षं काम करायची इच्छा आहे का, हे आता स्वतःला विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर आभार मानून थांबा. सही झालेली नाही, त्यामुळे थांबणं सोपं आहे.

६. श्रेयांक आणि गुण यांची जुळवणी

विद्यार्थी पाठवायचे ठरलं, की बहुतेक भागीदाऱ्या या ठिकाणी येऊन अडतात. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

युरोपच्या ईसीटीएस पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक असतात आणि एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचं एकूण २५ ते ३० तासांचं काम; त्यात तासिका, वाचन, परीक्षेची तयारी सगळं आलं. ब्रिटनमध्ये वर्षाचे १२० आणि एक श्रेयांक १० तासांचा. अमेरिकेत साधारण वर्षाला ३०. म्हणून ब्रिटनमधला २० श्रेयांकांचा विषय युरोपात १० चा ठरतो आणि अमेरिकेत पाचाच्या आसपास. आकडा बघून ‘त्यांचा विषय चौपट मोठा आहे’ असं म्हणू नका. वर्षाच्या एकूण कामात त्या विषयाचा वाटा किती, एवढंच बघा.

गुणांचं प्रकरण याहून नाजूक आहे. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम शेरा, ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास. फ्रान्समध्ये २० पैकी गुण देतात, १० ला उत्तीर्ण होतो आणि १६ मिळाले तर उत्तम समजतात. ब्रिटनमध्ये शंभरात ७० मिळाले की पहिला वर्ग. आता डोळ्यांसमोर आणा : फ्रान्सहून १४ गुण घेऊन आलेली विद्यार्थिनी. कारकुनानं सरळ गुणाकार केला आणि गुणपत्रकात ७० टक्के चढले. तिथे ती वर्गात वरच्या काही जणांत होती, इथे मधल्या घोळक्यात गेली आणि शिष्यवृत्ती हुकली. तिच्या अभ्यासात काहीच कमी नव्हतं.

यावर उपाय आहे. दोन्ही महाविद्यालयांनी त्या विषयाच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या निकालांची वाटणी एकमेकांना द्यावी : किती टक्के विद्यार्थ्यांना कोणती श्रेणी मिळते. मग तिथल्या वरच्या दहा टक्क्यांतला विद्यार्थी इथेही वरच्या दहा टक्क्यांच्या श्रेणीत बसवायचा. ईसीटीएसची मार्गदर्शिकाही हीच पद्धत सुचवते. हे जमत नसेल, तर बाहेरचे श्रेयांक घ्या आणि गुण सरासरीत धरू नका, फक्त ‘उत्तीर्ण’ लिहा. काहीही ठरवा, पण विद्यार्थी निघण्याआधी, लेखी, आणि परीक्षा विभागाच्या सहीनं.

७. आता करार

दोन वेगळे कागद करा. पहिला सामंजस्य करार : दोन-तीन पानांचा, सहकार्याची इच्छा नोंदवणारा, आर्थिक बंधन नसलेला. दुसरा कामाचा करार, म्हणजे विद्यार्थी देवाणघेवाण किंवा जे काही करणार असाल त्याचा तपशील. दोन्ही एकात घातले की वकिलांचं बोलणं संपत नाही.

कामाच्या करारात हे असलंच पाहिजे :

- दरवर्षी किती विद्यार्थी, कोणत्या विषयांत, किती काळ
- निवड कोण करणार, नाकारायचा अधिकार कुणाला
- शुल्क कुठे भरायचं, कोणतं माफ
- राहायची सोय ‘दिली जाईल’ की ‘शोधायला मदत केली जाईल’ (या दोन शब्दप्रयोगांत फार अंतर आहे)
- गुणपत्रक किती दिवसांत मिळेल. इरॅस्मस या युरोपीय संघाच्या देवाणघेवाण योजनेतल्या करारांत साधारण पाच आठवडे असतात, तेवढेच मागा
- तक्रार, छळ किंवा कॉपीचं प्रकरण झालं तर कुणाची समिती चौकशी करणार
- विद्यार्थ्यांची माहिती कोण, किती काळ ठेवणार. युरोपीय जोडीदार असेल तर २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा युरोपीय कायदा लक्षात घ्यावा लागतो
- एकत्र केलेल्या संशोधनावर, अभ्याससाहित्यावर हक्क कुणाचा
- करार मध्येच संपला तर तिथे शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचं काय

शेवटचा मुद्दा पुष्कळदा राहून जातो. ‘करार संपुष्टात आला तरी प्रवेश घेतलेले विद्यार्थी आपलं सत्र पूर्ण करतील’ हे एक वाक्य घालाच. वाद झाल्यास कोणत्या देशाचा कायदा, यावर अडून बसू नका. परस्पर चर्चेनं सोडवू, एवढं लिहून बहुतेक महाविद्यालयं पुढे जातात. दोन भाषांत करार असेल तर मतभेद झाल्यास कोणती प्रत ग्राह्य, तेही लिहा.

८. पैशाचा हिशोब

देवाणघेवाणीचं मूळ तत्त्व असं : विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयात शुल्क भरतो आणि तिकडे त्याचं शिक्षणशुल्क माफ असतं. म्हणून दोन्हीकडून सारखे विद्यार्थी यायला हवेत. दरवर्षी आकडे जुळत नाहीत, त्यामुळे समतोल कराराच्या पूर्ण मुदतीत मोजायचा, आणि एकेका सत्राचे दोन विद्यार्थी म्हणजे पूर्ण वर्षाचा एक, असं धरायचं.

‘शुल्क माफ’ या शब्दांवर विसंबू नका. प्रयोगशाळा, विद्यार्थी संघटना, वसतिगृह, विमा हे सगळं वेगळं असू शकतं. विद्यार्थ्याला खिशातून एकूण किती घालावे लागतील, याचा एक तक्ता दोन्ही महाविद्यालयांनी मिळून करावा आणि अर्ज मागवतानाच जाहीर करावा. निवड झाल्यावर खर्च कळून माघार घ्यावी लागणं, ही त्या मुलासाठी फार वाईट गोष्ट असते, आणि जाणारे फक्त पैसेवाल्यांचेच उरतात. शक्य असेल तिथे शिष्यवृत्ती शोधा. युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेत युरोपाबाहेरच्या बऱ्याच देशांबरोबरच्या देवाणघेवाणीलाही निधी असतो, मात्र अर्ज सहसा युरोपातल्या जोडीदारानं करायचा असतो. त्यांना वेळेत सांगा.

९. विद्यार्थी निघण्याआधीचे कागद

- पासपोर्ट; परतीच्या तारखेनंतरही काही महिने वैध असावा
- निवडपत्र आणि यजमान महाविद्यालयाचं प्रवेशपत्र
- व्हिसासाठी यजमानाकडून येणारा कागद : अमेरिकेत देवाणघेवाणीच्या विद्यार्थ्यांना सहसा डीएस-२०१९, ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसासाठी सीएएस क्रमांक
- आतापर्यंतची गुणपत्रकं, गरज असेल तिथे अधिकृत भाषांतरासह
- अपोस्टिल, १९६१ च्या हेग कराराचे सदस्य असलेल्या देशांत सार्वजनिक कागदपत्रांसाठी एवढा शिक्का पुरतो, इतर देशांत दूतावासाचं प्रमाणीकरण लागू शकतं
- आरोग्यविमा, यजमान देशाच्या अटींप्रमाणे
- खर्चाची तजवीज दाखवणारा बँकेचा कागद
- अभ्यास करारपत्र

अभ्यास करारपत्राकडे खास लक्ष द्या. त्यात दोन तक्ते असतात : विद्यार्थी तिकडे कोणते विषय घेणार, आणि त्यांच्या बदल्यात इकडचे कोणते विषय सुटणार. विद्यार्थी आणि दोन्ही महाविद्यालयं अशा तीन सह्या लागतात. तिकडे पोचल्यावर एखादा विषय रद्द झालेला असतो किंवा दोन तासिका एकाच वेळी येतात. हे जवळपास नेहमीच होतं. अशा वेळी बदललेल्या तक्त्यावर पहिल्या काही आठवड्यांतच नव्यानं सह्या घ्यायला विद्यार्थ्याला सांगा. ‘सर फोनवर हो म्हणाले होते’ हे परीक्षा विभागाला पुरत नाही.

जाणाऱ्या प्रत्येकाला एक कागद द्या : रात्रीअपरात्री उचलला जाईल असा दोन्हीकडचा एकेक फोन नंबर, विमा कंपनीचा नंबर, दूतावासाचा नंबर.

१०. चालू ठेवणं

दोन्हीकडे दोन-दोन समन्वयक नेमा, एक शिक्षक आणि एक कार्यालयातला. शिक्षक बदलून गेले की भागीदारी बंद पडते, ती या एका गोष्टीनं वाचते. सगळा पत्रव्यवहार महाविद्यालयाच्या सामायिक ईमेलवर ठेवा. वैयक्तिक खात्यातली तीन वर्षांची पत्रं निवृत्तीबरोबर निघून जातात.

वर्षातून एकदा तासभर ऑनलाइन बसा. किती आले, किती गेले, किती जणांचे श्रेयांक पूर्ण धरले गेले, किती जणांचे अडकले आणि का. परतलेल्या एका विद्यार्थ्यालाही त्या बैठकीत बोलवा, खरी अडचण त्याच्याकडूनच कळते. कराराची मुदत संपण्याच्या वर्षभर आधी कॅलेंडरवर खूण करा आणि ‘आपोआप नूतनीकरण’ हे कलम टाळा. दोन वर्षांत दोन्ही बाजूंनी काहीच झालं नसेल तर करार संपू द्या, आणि त्या वेळात ज्यांचं उत्तर लगेच येतं त्यांच्याबरोबर दुसरा विषय सुरू करा.